फ्रेड हॅलिडे कुठून वाचायचा? आणि क्रांत्यांचा अभ्यास करून पोट भरतं का?

एमए_पार्टटू

नमस्कार मंडळी. पॉलिटिकल सायन्स एमए पार्ट टूला आहे, कोल्हापूर साइडला. डिझर्टेशनचा विषय द्यायला तीनच आठवडे राहिलेत. गाइड सरांना सांगितलं की क्रांती आणि आंतरराष्ट्रीय संबंध (आयआर) यावर काहीतरी करायचंय, इराण १९७९ वगैरे, तर सर म्हणाले क्रांती म्हणजे कंपॅरेटिव्ह पॉलिटिक्स आणि आयआर म्हणजे युद्ध, करार, परराष्ट्र धोरण, दोन डगरींवर हात ठेवू नकोस. मी निघालो तर दारातनं परत हाक मारली आणि म्हणाले, करायचंच असेल तर फ्रेड हॅलिडे बघ. नाव लिहून दिलं ते पण एसटीच्या तिकिटामागे.

आता सर्च करून डोकं गरगरतंय. एक जण म्हणतो मार्क्सवादी, दुसरा म्हणतो १९९१ ला पलटी मारून अमेरिकेच्या बाजूने गेला, तिसरा म्हणतो गद्दाफीच्या पैशाला नाही म्हणणारा प्रोफेसर. हा एकच माणूस आहे का तीन? कुणी नीट वाचलाय का, सुरुवात कुठून करू, आणि पप्पा रोज जेवताना विचारतात की हे शिकून पुढे काय, त्यांना काय सांगू ते पण सांगा प्लीज.

निवृत्त_मास्तर

एकच माणूस आहे बाळा, आणि तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

आधी माणूस सांगतो. जन्म १९४६, डब्लिन. बालपण डंडॉकमध्ये, म्हणजे उत्तर आयर्लंडच्या सीमेला चिकटलेल्या गावात, वडील इंग्लिश मेथडिस्ट, आई आयरिश कॅथलिक. थोडक्यात सीमा दाराशी आणि धर्म घरात. ऑक्सफर्डला शिकला, मग लंडनला सोआस या विद्यापीठात, १९६९ ते १९८३ न्यू लेफ्ट रिव्ह्यू या डाव्या नियतकालिकाच्या संपादक मंडळावर. १९८३ ला लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये (एलएसई) लागला आणि पुढची पंचवीस वर्षं तिथेच आयआर शिकवलं, नंतर बार्सिलोनाला गेला, तिथेच एप्रिल २०१० मध्ये वारला, ६४ वर्षांचा होता. फारसी, अरबी, रशियन, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, अशा दहाएक भाषा यायच्या. अरबस्तानावरचं पहिलं मोठं पुस्तक १९७४ चं आणि डॉक्टरेट मात्र १९८५ ची. हे शेवटचं वाक्य पप्पांना दाखवू नकोस.

आता मुद्दा. तुझे सर म्हणाले ते दोन डगरींचं, हॅलिडेचं सगळं आयुष्य त्या मधल्या जागेवरच गेलं. आयआरची जुनी पुस्तकं देशांकडे कॅरमच्या सोंगट्यांसारखं बघतात, सोंगटी आतून काय आहे याच्याशी देणंघेणं नाही, कोण कुणाला आपटतं आणि कोण भोकात जातं एवढंच बघायचं. मग क्रांती म्हणजे काय तर सोंगटीच्या आतली खळबळ, ती दुसऱ्या डिपार्टमेंटने बघावी. हॅलिडे म्हणतो हे साफ चूक. क्रांती घडते तीच मुळात बाहेरच्या दाबामुळे, म्हणजे हरलेलं युद्ध, कर्ज, शेजाऱ्यांशी न पेलणारी स्पर्धा. घडल्यावर ती बोलते सगळ्या जगाच्या नावाने, फ्रान्सने माणसाच्या हक्कांचा जाहीरनामा काढला, नुसत्या फ्रेंच माणसाच्या नाही. आणि मग बाहेरचे तिला गप्प बसू देत नाहीत. १७९२ पासून युरोप जवळजवळ सलग तेवीस वर्षं लढत होता ते काही सीमेच्या बांधावरनं नव्हे.

यातला मला सगळ्यात आवडणारा भाग म्हणजे हा डावा माणूस पुरावा कुणाचा आणतो तर एडमंड बर्कचा, क्रांतीच्या कट्टर वैऱ्याचा. बर्क १७९६ च्या सुमाराला लिहितो की शेजाऱ्याने स्वतःच्याच जागेत उपद्रवी बांधकाम काढलं तरी बाकीच्यांना बोलायचा हक्क असतो, तसं फ्रान्समध्ये राजाला मारून जे उभं राहिलंय ते त्यांचं अंतर्गत प्रकरण असूच शकत नाही. हाउसिंग सोसायटीच्या मीटिंगला जाणाऱ्या कुणालाही हे लगेच कळेल. हॅलिडे बर्कची बाजू घेत नाही पण म्हणतो निरीक्षण बरोबर आहे, देशांच्या या सोसायटीत सगळ्यांचे फ्लॅट आतूनही साधारण सारखे असावे लागतात, एकाने भिंती पाडल्या की सगळे दारावर. याला तो एकसारखेपणाचा दाब म्हणतो.

१९९९ मध्ये हे सगळं एकत्र करून एक पुस्तक काढलं, त्याच्या उपशीर्षकात सहावी महासत्ता आहे. ते मार्क्सचं. १८५४ ला क्रिमियाच्या युद्धाच्या वेळी मार्क्सने लिहिलं होतं की युरोपातल्या पाच बड्या सत्तांवर मात करणारी एक सहावी पण आहे, क्रांती. सुरुवात तिथून कर, पण पहिली दोन प्रकरणं जड जातील, सरळ उडी मारून परराष्ट्र धोरणावरच्या प्रकरणाला जा.

सलालाकर

थ्रेडचं नाव बघून थांबलो कारण मी ज्या गावात राहतो तिथूनच या माणसाची गोष्ट सुरू होते. मूळचा चिपळूणचा, गेली अकरा वर्षं सलालामध्ये, ओमानच्या दक्षिण टोकाला, लॉजिस्टिक्समध्ये. हा भाग म्हणजे धोफार. हॅलिडे १९७० मध्ये, चोवीस वर्षांचा असताना, धोफारच्या डोंगरात बंडखोरांच्या ताब्यातल्या भागात आला होता. १९७४ च्या त्या पुस्तकाचा मोठा भाग याच डोंगरांवर आहे.

इथे कुणी आलं नसेल तर डोळ्यासमोर वाळवंट आणू नका. जून ते सप्टेंबर इथे पाऊस असतो, आपल्यासारखा धो धो नाही, चिरीचिरी झिमझिम आणि धुकं, डोंगर हिरवेगार, उंट गुडघाभर गवतात. रस्त्याकडेला शहाळी आणि केळी विकणाऱ्यांच्या रांगा, पहिल्या वर्षी मी गाडी थांबवून नुसता बघत बसलो होतो. या मोसमाला इथे म्हणतात खरीफ. आपल्या खरीप हंगामातला खरीप तो हाच अरबी शब्द. लढाईच्या काळात या खरीफमध्ये धुक्यामुळे विमानं-हेलिकॉप्टरं निरुपयोगी व्हायची, सुरुवातीच्या वर्षांत सुलतानाचं सैन्य पावसाळा आला की डोंगरावरनं खाली उतरायचं आणि डोंगर पुन्हा बंडखोरांचा.

बंड का झालं ते पण इथल्या म्हाताऱ्यांकडून ऐकलंय. जुना सुलतान सईद बिन तैमूर, शिकलेला आपल्या अजमेरच्या मेयो कॉलेजात, पण राज्यात शाळा म्हणाल तर तीन, गॉगल घालायला बंदी, मस्कतचे दरवाजे रात्री बंद, गुलामगिरी चालू. २३ जुलै १९७० ला मुलाने, म्हणजे काबूसने, ब्रिटिशांच्या मदतीने बापाला इथल्याच राजवाड्यातनं उचलून लंडनला पाठवलं. मग एकीकडे दवाखाने, रस्ते, विहिरी आणि दुसरीकडे ब्रिटिश अधिकारी, आणि १९७३ पासून इराणच्या शहाचे हजारो सैनिक. १९७५ च्या डिसेंबरात युद्ध संपलं असं जाहीर झालं.

आमच्या आधीच्या वेअरहाउसला एक म्हातारा वॉचमन होता, डोंगरातला. एकदा खरीफमध्ये चहा पिताना त्याने दोन बोटं दाखवली आणि हसला, म्हणे आधी त्यांच्याबरोबर, मग सुलतानाच्या फिरकतमध्ये. फिरकत म्हणजे शरण आलेल्या बंडखोरांच्याच तुकड्या, त्यांनाच पगार देऊन उलटं लढवलं. मी विचारलं का बदललात, तर म्हणाला इकडे पाणी आलं. हॅलिडेने हे डोंगर सुरुवातीला बघितले, मोठी आशा घेऊन. आता मी ते वाचतो तेव्हा मला त्या लिखाणात आशा जास्त आणि विहिरी कमी दिसतात. पण माणूस लंडनमध्ये बसून लिहीत नव्हता एवढं मात्र आहे.

रोखठोक

मास्तरांचा आदर ठेवून, एवढी आरती नको. मी पण वाचलाय. सलालाकरांनी जे शेवटी म्हटलं तेच माझं म्हणणं आहे, फक्त जरा मोठ्या आवाजात. हॅलिडेला तरुणपणी जी क्रांती दिसेल ती आवडायची. धोफार झालं, दक्षिण येमेन झालं, मग इथिओपिया. १९७४ ला सम्राट हैले सेलासीला काढून लष्करातली मंडळी आली, त्यावर याने आणि याची बायको मॅक्सिन मॉलिन्यूने १९८१ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांचा म्होरक्या मेंगिस्तू याचा लाल दहशतवाद तोवर होऊन गेला होता, रस्त्यावर तरुण पोरं मारून टाकलेली, आणि पुस्तक आज वाचताना फार मवाळ वाटतं. भाऊ जॉन हॅलिडे बघा, त्याने २००५ ला जुंग चांगबरोबर माओचं असं चरित्र लिहिलं की माओचा एक केस शिल्लक ठेवला नाही. एकाच घरातले.

मग १९९१ ला हेच साहेब सद्दामला कुवेतमधनं बळाने हुसकावण्याच्या बाजूने उभे. जुने मित्र तुटले. लोक याला प्रामाणिकपणा म्हणतात, मी म्हणतो आधी चुकलो हे उशिरा कळलं. एमए_पार्टटू, वाच, पण भक्त होऊ नकोस.

दुपारचा_चहा

रोखठोक दादा, इथिओपियाबद्दल मान्य. १९९१ बद्दल नाही. कुवेत गिळला गेला तेव्हा अमेरिका विरोधात आहे म्हणून सद्दाम बरा, हे ज्याने इराकच्या तुरुंगांबद्दल आणि इराणी आघाडीवरच्या विषारी वायूबद्दल वाचलंय त्याने म्हणायचं तरी कसं? असो, यावर इथे रात्र जाईल.

मी दिल्लीत पीएचडी करतेय, इराणवर, मूळ नाशिकची. मला वाटतं या माणसाला समजून घ्यायला खरं वर्ष १९९१ नाही, १९७९ आहे, आणि तिथे तो एकटा नाही. त्याच वर्षी थीडा स्कॉकपोल या अमेरिकन अभ्यासक बाईचं फ्रान्स, रशिया, चीन या तीन क्रांत्यांवरचं पुस्तक आलं. तिचं म्हणणं असं की क्रांत्या कुणी ठरवून करत नाही, त्या येतात. राज्यसंस्था बाहेरच्या स्पर्धेत मोडकळीला येते, सैन्य ढासळतं, शेतकरी उठतात, मग क्रांती. आणि हॅलिडेचं इराणवरचं पुस्तक पण १९७९ चंच, शहाच्या राजवटीची अशी चिरफाड की तेल, सावाक म्हणजे शहाचे गुप्त पोलीस, जमीन सुधारणा, कामगार, सगळं उघडं करून ठेवलंय, ही राजवट टिकाऊ नाही हे स्वच्छ लिहिलंय.

आणि मग इराणने दोघांचीही विकेट काढली. शहा कुठलं युद्ध हरला नव्हता. सैन्य जागेवर, पैसा जागेवर. शेतकरी गावातच बसले. उठली ती शहरं. १९७८ च्या जानेवारीत कोम शहरात निदर्शकांवर गोळीबार झाला, मग चाळीस दिवसांनी मेलेल्यांच्या चाळिसाव्याला तबरीजमध्ये लोक जमले, तिथे पुन्हा गोळ्या, पुन्हा चाळीस दिवसांनी दुसऱ्या गावात. म्हणजे दुखवट्याचं कॅलेंडर हेच आंदोलनाचं टाइमटेबल. बाजार बंद. तेल कामगार संपावर. देशाबाहेर असलेले धर्मगुरू खोमेनी यांची भाषणं कॅसेटवर. १६ जानेवारी १९७९ ला शहा गेला, १ फेब्रुवारीला खोमेनी एअर फ्रान्सच्या विमानाने आले. हॅलिडेच्या पुस्तकात राजवटीचं पतन आहे पण मुल्ला राज्य करतील हे नाही, मशिदीला त्यात फार थोडी जागा आहे. स्कॉकपोलला तर १९८२ मध्ये लेख लिहून कबूल करावं लागलं की ही एक क्रांती मात्र करवली गेली, नुसती आली नाही, आणि तेलावर जगणारं राज्य आणि शिया परंपरा या दोन गोष्टी तिला नव्याने मांडाव्या लागल्या.

मला दोघांचंही हे फार आवडतं. थिअरी छापून शाई वाळायच्या आत जगाने खोटी पाडली आणि दोघांनी तोंड लपवलं नाही. हॅलिडे तर उरलेलं आयुष्य त्याच प्रश्नावर बसला, की धर्माची भाषा बोलणारी क्रांतीसुद्धा परराष्ट्र धोरणात फ्रान्स-रशियासारखीच का वागते, म्हणजे आधी निर्यात करू म्हणते, मग शेजारी अंगावर येतात (इराकने सप्टेंबर १९८० ला हल्ला केला), मग थकून अर्धवट तडजोड, पण पूर्ण कधीच नाही.

करिअरबद्दल. स्कॉकपोलला हार्वर्डने १९८० च्या सुमाराला टेन्युअर म्हणजे कायमची नोकरी नाकारली, तिने बाई म्हणून डावललं अशी तक्रार केली, शिकागोला गेली, आणि काही वर्षांनी त्याच हार्वर्डने सन्मानाने परत बोलावलं. पुढे ती अमेरिकन पॉलिटिकल सायन्स असोसिएशनची अध्यक्ष झाली. पप्पांना हे सांग. आपल्याकडचं प्रॅक्टिकल बोलायचं तर नेट किंवा सेट काढावीच लागेल, जेआरएफ ही फेलोशिप निघाली तर पीएचडीची वर्षं घरी हात पसरावा लागत नाही, आणि कायमच्या जागा कमी आहेत, सीएचबीवर तासाच्या हिशोबाने शिकवणारे आमचे कितीतरी मित्र आहेत, खोटं कशाला बोलू. पण या विषयात एक भाषा हातात असेल तर रांगेत पुढे जागा मिळते, नुसत्या पॉलिटिकल सायन्सवाल्यांची गर्दी आहे, फारसी येणारे बोटांवर मोजण्याइतके.

आणि मराठी माणसाला फारसी जड नाही हो. बाजार, दुकान, शहर, सरकार, जमीन, हजार, दरवाजा, खबर, हे सगळं तिकडचंच. मी पहिल्या आठवड्यात वर्गात उगाच हुशार वाटत होते, मग क्रियापदं आली आणि उतरली.

निवृत्त_मास्तर

वा, दुपारचा_चहा, छान लिहिलंस. रोखठोक, तुमची तक्रार अर्धी मान्य. पण गद्दाफीचं प्रकरण राहिलं, ते सांगून टाकतो.

२००९ मध्ये एलएसईला लिबियाचा हुकूमशहा गद्दाफी याच्या मुलाच्या, सैफच्या, फाउंडेशनकडनं पंधरा लाख पाउंड येणार होते. सैफने आदल्या वर्षीच तिथनं पीएचडी घेतलेली. तिथली बरीच मंडळी म्हणत होती की हा सुधारणावादी मुलगा आहे, देश उघडतोय. हॅलिडे तोवर आजारी, निवृत्तीनंतर बार्सिलोनाला, त्याने लेखी विरोध पाठवला की लिबियातली राजवट काय आहे हे बघा, पैसे घेऊ नका. घ्यायचं ठरलं. तो २०१० ला गेला. २०११ च्या फेब्रुवारीत लिबिया पेटली, सैफ टीव्हीवर बोट नाचवत धमक्या देताना जगाने बघितला, मार्चमध्ये एलएसईचे डायरेक्टर हॉवर्ड डेव्हिस यांनी राजीनामा दिला. पंधरा लाखांतले आले होते तीन लाख. हॅलिडेला हे बघायला मिळालं नाही.

क्रांत्यांना भुललेला माणूस असं म्हणताना हे पण मोजा. हुकूमशहाचा गोडबोल्या मुलगा ओळखायला आयुष्यभर अशा राजवटींच्या अंगणात हिंडलेलं असावं लागतं.

रोखठोक

हे पटलं. इथिओपियाचं मात्र मागे घेत नाही.

एमए_पार्टटू

बापरे, एवढं येईल वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. दुपारचा_चहा ताई, इराण करायचं मनात होतं पण भाषा येत नसताना तीन महिन्यांत इराण म्हणजे सगळं दुसऱ्याच्या तोंडून होणार असं वाटायला लागलंय. मास्तर, परराष्ट्र धोरणाचं प्रकरण वाचलं, कॅरमचं डोक्यात फिट्ट बसलं. त्यात दक्षिण येमेन सारखं येतंय. त्यावर एमए लेव्हलला काही होईल का, का फारच आडगावचं वाटेल?

निवृत्त_मास्तर

आडगावचं? अरे हॅलिडेची डॉक्टरेटच त्यावर आहे. आणि एडन, म्हणजे त्या देशाची राजधानी, आपल्याला आडगाव कधीपासून झालं? १८३९ मध्ये ते ब्रिटिशांनी घेतलं ते मुंबई सरकारच्या नावाने, आणि १९३२ पर्यंत त्याचा कारभार मुंबई इलाख्यातनं चालायचा. वासुदेव बळवंत फडक्यांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली ती कुठे? एडनला. तिथल्या तुरुंगाचं दार बिजागऱ्यांसकट उचकटून पळाले, पकडले गेले, १७ फेब्रुवारी १८८३ ला तिथेच गेले. शाळेच्या पुस्तकात वाचलं असशील.

केस म्हणून तर ती आखीव आहे. ३० नोव्हेंबर १९६७ ला ब्रिटिश गेले, अरब जगातलं एकमेव मार्क्सवादी राज्य उभं राहिलं. धोफारच्या बंडखोरांना माणसं, शस्त्रं, शाळा इथूनच. उत्तर येमेनशी १९७२ आणि १९७९ ला दोनदा लढाई. मग हळूहळू दाब. १९७६ ला सौदीशी राजनैतिक संबंध, १९८२ ला ज्याच्या सुलतानाला उलथवायचं होतं त्या ओमानशी समझोता. जानेवारी १९८६ ला पॉलिटब्युरोच्या, म्हणजे सत्ताधारी पक्षाच्या वरच्या समितीच्या, बैठकीतच गोळीबार, एडनच्या रस्त्यांवर हजारो मेले, आणि २२ मे १९९० ला देशच उत्तरेत विरून गेला. बर्कची सोसायटी तेवीस वर्षांत फ्लॅट पुन्हा जुन्या प्लॅनवर आणते, ते इथे तारीखवार दिसतं. फक्त एक कर, सगळं दाबाच्या खात्यावर टाकू नकोस, १९८६ चा गोळीबार त्यांनी आपापसातच केला होता.

सलालाकर

सरहद्दीचा फोटो हवा असेल तर सांग. मुगसैलच्या पुढे डोंगर चढून येमेनच्या दिशेने जाणारा रस्ता आहे, नागमोडी वळणं एवढी की आमचे ट्रकवाले पहिल्या गिअरमध्येच देव आठवतात. १९७० च्या दशकात इकडनं कुंपणं आणि सुरुंग टाकून तिकडची रसद तोडली होती. वॉचमन काका आता गावी गेलेत, नाहीतर तुझे प्रश्न विचारले असते.

एमए_पार्टटू

फोटो नक्की पाठवा काका. आज सरांना भेटलो, विषय सांगितला, दक्षिण येमेनचं परराष्ट्र धोरण १९६७ ते १९८२, शेवट ओमानच्या समझोत्यावर. सर बराच वेळ गप्प. मग म्हणाले, १९८६ पर्यंत ने, नाहीतर शेवट गोड होईल. फॉर्मवर सही केली आणि विचारलं, ते तिकीट आहे का अजून? मी पाकिटातनं काढून दाखवलं तर म्हणाले ठेव, त्यावर माझा पण फोन नंबर लिहून घे.

पप्पांना अजून सांगितलेलं नाही. फडक्यांचं नाव काढून सुरुवात करीन म्हणतो.